तुरुंगात सुचलेली आंतरभारती : साने गुरुजींची विसरलेली बाजू

साने गुरुजी म्हटले की आपल्याला ‘श्यामची आई’ आठवते आणि बहुधा तिथेच आपण थांबतो. या धाग्यात त्यांच्याकडे वेगळ्या बाजूने पाहू. परक्या माणसाला समजून घ्यायला शिकवणारा शिक्षक, ही ती बाजू.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी पालगडला झाला. आमची पोफळी चिपळूण तालुक्यातली, पालगड दापोलीकडचे. जिल्हा मात्र एकच, रत्नागिरी. कोकणातला हा तरुण तत्त्वज्ञान शिकायला खानदेशात अमळनेरला गेला आणि १९२४ पासून तिथल्याच हायस्कुलात शिक्षक झाला. वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, पडलेले मळके कपडे धुऊन ठेवीत. मुलांसाठी स्वतःच्या हाताने लिहून ‘छात्रालय’ नावाचे दैनिकही काढीत. शिस्त लावण्याची त्यांची रीत ही अशी होती.

१९३० साली त्यांनी नोकरी सोडून कायदेभंगात उडी घेतली. शिक्षा झाली आणि पुढे रवानगी थेट तमिळ मुलखात, त्रिचनापल्लीच्या तुरुंगात झाली. तिथे दक्षिणेतले निरनिराळ्या भाषा बोलणारे राजबंदी भेटले. एकाच स्वातंत्र्यासाठी एकाच भिंतीआड आलेली ही माणसे, पण शेजारच्याच्या भाषेतली एक ओळही दुसऱ्याला कळेना! देश एक आहे असे म्हणायचे आणि त्याची भाषा मात्र जाणायची नाही, ही विसंगती गुरुजींना बोचली. त्यांनी तमिळ शिकायला घेतली आणि तिरुवल्लुवरांच्या ‘कुरल’चा मराठी अनुवाद केला. आंतरभारतीचे बीज इथे पडले. रवींद्रनाथांनी १९२१ साली शांतिनिकेतनात विश्वभारती उभी केली होती, तिथे जगाला भारताच्या भेटीला बोलावले होते. गुरुजींचा प्रश्न त्याच्या अलीकडचा होता : भारताची भारताशी भेट झाली आहे काय?

हाच प्रश्न पुढे पंढरपूरला अधिक टोकदार झाला. दूरच्या तमिळ बांधवाची भाषा शिकणे त्या मानाने सोपे. पण गावकुसाबाहेरचा वारकरी जन्मभर वारी करतो आणि त्याला विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकता येत नाही, त्याचे काय? गुरुजींनी उपोषणाचा निश्चय केला. मात्र सहकाऱ्यांच्या आग्रहावरून ते पुढे ढकलले आणि आधी काही महिने महाराष्ट्रभर दौरा केला. सेनापती बापट सोबत होते, राष्ट्र सेवा दलाची कलापथके होती. गावोगावी सभा झाल्या, अनेक गावांनी आपली देवळे आणि विहिरी खुल्या केल्या. माझ्या मते उपोषणाइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व या दौऱ्याला आहे. इतिहास सांगताना आपण तो एका वाक्यात उरकतो.

१ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झाले. खुद्द गांधीजींना ते पटले नव्हते. त्यांनी ते सोडण्यास सांगितले. गुरुजींनी गांधीजींना दैवत मानले होते, तरी या एका बाबतीत ते मागे हटले नाहीत. दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली, बडवे मंडळींनी मान्यता दिली आणि १० मे रोजी उपोषण सुटले.

इथे एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू करणारे डॉ. आंबेडकर तोवर मंदिरप्रवेशाच्या पलीकडे गेले होते. १९३५ साली येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली होती. त्यामुळे पंढरपूरचे उपोषण अस्पृश्यांना काही ‘मिळवून देण्यासाठी’ होते असे म्हणणे अपुरे आहे. ते स्पृश्यांच्या मनाशी मांडलेले भांडण होते, आणि शिक्षक म्हणून गुरुजींचा खरा विद्यार्थीही तोच होता. ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तक त्यांनी लिहिले तेही याच वर्गासाठी, ज्याला शेजारच्या मुसलमानाविषयी ऐकीव गोष्टींखेरीज फारसे ठाऊक नव्हते.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात, आचार्य जावडेकर अध्यक्ष असताना, आंतरभारतीची कल्पना लोकांपुढे आली. निरनिराळ्या प्रांतांतल्या मुलांनी एकत्र राहावे, एकमेकांच्या भाषा, गाणी आणि साहित्य शिकावे, असे ते स्वप्न होते. भाषावार प्रांतांचा वाद तापू लागलेला असताना ते मांडले गेले, हे ध्यानात घेतले पाहिजे. मातृभाषेचा अभिमान सोडा असे गुरुजींनी कधीच सांगितले नाही. त्यांनी आणखी एक भाषा शिकायला सांगितली.

ते केंद्र उभे राहण्याआधीच, ११ जून १९५० रोजी गुरुजी गेले. वय अवघे पन्नास.

स्वप्न मात्र इतरांनी उचलले. डिसेंबर १९८५ मध्ये गुरुजींना मानणाऱ्या बाबा आमट्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा काढली. पंजाब तेव्हा धुमसत होता. पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना धड बसताही येत नव्हते, म्हणून ते वाहनात आडवे पडून निघाले. सोबतचे तरुण-तरुणी सायकलींवर होते.