सुट्टी कोणाची, मजुरी कोणाची?

२०२४च्या ऑक्टोबरमध्ये मी मोबाइलवरून एक चिठ्ठी टाकली. पासपोर्टचा तपशील, पॅन कार्डाचा नंबर आणि २५ ऑस्ट्रेलियन डॉलर फी. ऑस्ट्रेलियाने पहिल्यांदाच भारतीय तरुणांसाठी ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा उघडला होता. वय १८ ते ३०. एक वर्ष तिथे राहायचं, फिरायचं आणि फिरण्याचा खर्च निघावा म्हणून मिळेल ते काम करायचं. जागा फक्त १,०००. पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे ४०,००० जणांनी नावं नोंदवल्याचं तिथल्या एका मंत्र्यांनी सांगितलं. म्हणून लॉटरी.

माझा नंबर लागला नाही. पण चिठ्ठी टाकली त्या रात्री रत्नागिरीहून आजीचा फोन आला होता. तिला सगळं समजावून सांगितल्यावर तिने विचारलं, “अरे, म्हणजे तू सुट्टीला चाललायस की कामाला?”

“दोन्ही.”

“दोन्ही एकदम कसं होईल? माझे वडील बोटीवर जायचे. ते कामालाच जायचे.”

तेव्हा मी हसलो. पण आजीचा प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. परदेशात जाऊन केलेल्या एकाच कामाला कधी सुट्टी म्हणायचं आणि कधी मजुरी, हे ठरवतं कोण? या प्रश्नाचं उत्तर शोधत मागे गेलं की गोष्ट आजीच्या वडिलांच्या बोटींपर्यंतच येऊन पोहोचते.

सुरुवात आजच्या कागदांपासून करू. ऑस्ट्रेलियाचे असे दोन व्हिसा आहेत. ४१७ क्रमांकाचा ‘वर्किंग हॉलिडे’ आणि ४६२ क्रमांकाचा ‘वर्क अँड हॉलिडे’. नावात म्हटलं तर फरक काहीच नाही. पण ४१७ ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, फ्रान्स, जपान अशा देशांसाठी आहे. ब्रिटिश मुलामुलींना जागांची मर्यादा नाही आणि शिक्षणाची अट नाही. भारतीयांसाठी आहे तो ४६२. त्यात बारावीनंतरचं किमान दोन वर्षांचं शिक्षण हवं, इंग्रजी येत असल्याचा पुरावा हवा, खात्यात ५,००० डॉलर हवेत आणि त्याआधी लॉटरीत नाव निघायला हवं. ४६२ मध्ये अमेरिकाही आहे, पण अमेरिकनांना ना लॉटरी ना मर्यादा. म्हणजे प्रश्न व्हिसाच्या क्रमांकाचा नाही, पासपोर्टचा आहे.

बोटीवरचे

कोकणात ‘तो बोटीवर आहे’ एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या बोटींवर डेकवरचे खलाशी बरेचसे रत्नागिरी आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे असत. इंजिनरूममध्ये पंजाबी आणि पठाण, तर जेवणघरात आणि केबिनमध्ये सेवेला गोव्याची माणसं. हे गोवेकर तारवटी मुंबईत धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या ‘कुडा’त उतरायचे आणि पुढच्या बोटीची वाट बघायचे. खलाशांची भरती सारंग करायचा. गोऱ्या खलाशापेक्षा पगार कितीतरी कमी.

या बोटी मुंबई आणि कोलंबोमार्गे ऑस्ट्रेलियाला जात. म्हणजे आपल्याकडची माणसं सिडनी, मेलबर्न, फ्रीमँटलचे धक्के शंभर वर्षांपूर्वीच पाहून आली होती. फक्त धक्केच.

कारण १९०१ साली ऑस्ट्रेलियातल्या वसाहती एकत्र येऊन देश झाला आणि त्याच वर्षी नव्या संसदेने तीन कायदे केले. एक, परदेशातून येणाऱ्याला कुठल्याही युरोपीय भाषेत ५० शब्दांचं श्रुतलेखन घालता येईल असा स्थलांतराचा कायदा. भाषा अधिकारी निवडणार. ज्याला आत घ्यायचं नाही त्याला न येणारी भाषा निवडली की काम झालं. दोन, टपालाचा कायदा. सरकारी टपाल वाहण्याचा करार फक्त गोरे कामगार असलेल्या बोटींशीच करायचा. पी अँड ओच्या बोटींवरच्या आपल्या लोकांकडे बघूनच हे कलम घातलेलं होतं. तीन, क्वीन्सलँडच्या उसाच्या मळ्यांत पॅसिफिक बेटांवरून आणलेल्या मजुरांना परत पाठवण्याचा कायदा. १८६३ पासून सुमारे ६२,००० जणांना आणलं होतं, काहींना फसवून, काहींना पळवून. मळे उभे राहिल्यावर त्यांतल्या बहुतेक उरलेल्यांना हाकललं गेलं.

बोटीवरच्या खलाशांना धक्क्यावर उतरायला सूट होती. पण बोट सुटण्याआधी त्यांची मोजणी करता येई आणि एखादा कमी भरला तर तो बेकायदा घुसलेला समजला जाई. करारही असा, की तो हिंदुस्थानच्या बंदरातच संपायचा. वाटेत कुठे काम आवडलं नाही, मुकादम वाईट निघाला, तरी सोडून जाता येत नव्हतं.

मराठीत ‘सुट्टी’ हा शब्द ‘सुटणे’ या क्रियापदापासून आला आहे. शाळा सुटते, दोरी सुटते, बोट सुटते. खलाशी सुटत नव्हता.

दहा पौंडांचे पाहुणे

दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाला माणसं हवी होती, पण गोरी. १९४५ साली योजना आली. ब्रिटनमधल्या प्रौढाने फक्त १० पौंड भरायचे, बाकीचं बोटीचं भाडं सरकार देणार. अट एवढीच, की दोन वर्षं राहायचं. आधी परतलात तर भाडं भरून द्यायचं. हे लोक कायमचे स्थायिक होतील असा हिशोब होता. पण कित्येक तरुणांनी त्याकडे स्वस्तातली दोन वर्षांची सफर म्हणूनच पाहिलं. आले, कारखान्यात नाहीतर शेतावर कामं केली, देश पाहिला आणि परत गेले. वर्किंग हॉलिडेची पहिली पिढी खरं तर हीच.

आणि ते आले कसे? पुष्कळसे पी अँड ओच्या ‘स्ट्रॅथनेव्हर’, ‘हिमालया’ अशा बोटींवरून. म्हणजे एकाच बोटीवर दोन प्रकारची तरुण माणसं होती. एक १० पौंड देऊन डेकवर ऊन खात बसलेला लंडनचा मुलगा आणि दुसरा त्याला चहा आणून देणारा सालसेतचा किंवा बार्देशचा मुलगा. वय साधारण सारखं, जायचं बंदर एकच. पहिल्याला ऑस्ट्रेलियाचं सरकार भाडं देऊन बोलवत होतं. दुसऱ्याला तिथे राहण्यासाठी उतरायची परवानगी नव्हती.

त्याच काळात उलट्या दिशेनेही लोंढा होता. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे तरुण लंडनला जायचे, बारमध्ये, हॉटेलांत, शाळांत कामं करायचे आणि जमलेल्या पैशांत युरोप बघायचे. लंडनच्या अर्ल्स कोर्ट भागात ते इतके असत, की त्याला ‘कांगारू व्हॅली’ म्हणू लागले. न्यूझीलंडमध्ये आजही या प्रवासाला ‘ओई’, म्हणजे ‘ओव्हरसीज एक्स्पीरिअन्स’ म्हणतात. काम तेच, भांडी घासायचं. पण नाव ‘अनुभव’.

काहींनी बोट सोडून रस्ता धरला. टोनी आणि मॉरीन व्हीलर हे जोडपं लंडनहून निघून भारतावरून पुढे जात १९७२च्या डिसेंबरमध्ये सिडनीत पोहोचलं, तेव्हा त्यांच्याकडे २७ सेंट उरले होते. पुढच्या वर्षी त्यांनी त्या प्रवासाची पुस्तिका काढली आणि त्यातून ‘लोनली प्लॅनेट’ उभी राहिली. ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात आणि ती आहेच. पण खिशात २७ सेंट घेऊन ऑस्ट्रेलियात शिरायला जिद्दीबरोबर तसा पासपोर्टही लागतो. त्या वेळी गोऱ्या ब्रिटिश नागरिकाला तिथे जायला व्हिसा काढावा लागत नव्हता.

१९७५

श्रुतलेखनाची परीक्षा १९५८च्या कायद्याने गेली. १९७३ साली गॉफ व्हिटलम यांच्या सरकारने वर्णावर आधारित स्थलांतराचे उरलेले नियम काढून टाकले. १९७५ पासून न्यूझीलंड सोडून बाकी सगळ्यांना, अगदी ब्रिटिशांनाही, व्हिसा सक्तीचा झाला. कागदावर सगळे सारखे.

आणि त्याच १९७५ साली ‘वर्किंग हॉलिडे’ योजना सुरू झाली. देश तीन : ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा. पुढचा दरवाजा सगळ्यांसाठी सारखा झाला त्याच वर्षी जुन्या ओळखीच्यांसाठी बाजूचा दरवाजा उघडला. जपानचा समावेश १९८० साली झाला, दक्षिण कोरियाचा १९९५ साली. चीनला २०१५ मध्ये ४६२च्या ५,००० जागा मिळाल्या. भारताला मिळाल्या त्या २०२२च्या व्यापार करारातून, म्हणजे वस्तूंवरच्या आयातशुल्काच्या सोबतीने. १९७५ ते २०२४, ४९ वर्षं.

ब्रिटनची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे राष्ट्रकुल देशांतल्या तरुणांसाठी दोन वर्षांची अशीच योजना होती आणि भारतीयही तिच्यात बसत. २००८ साली ती बंद झाली. जागी आलेल्या नव्या योजनेत सुरुवातीला ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड आणि जपान होते. भारतीयांना पुन्हा वाट मिळाली ती २०२३ मध्ये. जागा ३,०००, आणि तिथेही लॉटरी.

८८ दिवस

एवढं वाचून वाटेल, की गोऱ्या पोरांची चैन होती. तसंही नाही.

क्वीन्सलँडमधलं चिल्डर्स हे लाल मातीचं, उसाचं आणि भाजीपाल्याचं छोटं गाव. २३ जून २००० रोजी मध्यरात्रीनंतर तिथल्या एका बॅकपॅकर हॉस्टेलला आग लावली गेली. फळं-भाज्या तोडायला आलेले १५ तरुण त्यात मेले. ब्रिटन, आयर्लंड, नेदरलँड्स, जपान, कोरिया आणि ऑस्ट्रेलिया असे त्यांचे देश. दिवसभर शेतात राबून रात्री दाटीवाटीने झोपणारी ही मुलं घरच्यांच्या लेखी सुट्टीवर होती.

पाच वर्षांनी सरकारने नवा नियम आणला. व्हिसा दुसऱ्या वर्षासाठी हवा असेल, तर गावाकडे तीन महिने ठरावीक काम करा. ते मोजतात ८८ दिवस. शेतमालकांना मजूर मिळत नव्हते, त्यांची सोय झाली. पण सुट्टीचं स्वरूप बदललं. सुरुवातीची कित्येक वर्षं, ‘याने माझ्याकडे इतके दिवस काम केलं’ अशी मालकाची सही फॉर्मवर लागायची. पगार कमी दिला, राहायच्या खोलीचं भाडं अवाच्या सवा लावलं, अंगचटीला आला, तरी ८८ दिवस भरेपर्यंत गप्प बसणारे पुष्कळ निघाले. जायला मोकळे, पण गेलं तर दिवस वाया. ज्यांच्यासाठी बाजूचा दरवाजा उघडला होता, त्यांनाही आता मोजणीला उभं राहावं लागत होतं.

मोबदलाही बऱ्याच ठिकाणी नगावर. जितक्या पेट्या भराल तितके पैसे. नवख्याच्या हाताला वेग नसतो आणि मग ताशी मिळकत कुठल्या कुठे घसरते. अखेर ऑस्ट्रेलियन वर्कर्स युनियन हे प्रकरण ‘फेअर वर्क कमिशन’पुढे घेऊन गेली आणि २८ एप्रिल २०२२ पासून नगावर काम करणाऱ्यालाही किमान तासाचा दर बंधनकारक झाला. हंगामी कामगारासाठी तेव्हा तो २५.४१ डॉलर होता. गंमत म्हणजे ही तीच युनियन, जी शंभर वर्षांपूर्वी आशियाई मजुरांना देशात येऊ देऊ नका म्हणून आघाडीवर होती.

ब्रिटिशांची मात्र यातूनही सुटका झाली. व्यापार करारानुसार २०२३च्या जुलैपासून त्यांची वयोमर्यादा ३५ झाली आणि २०२४च्या जुलैपासून शेतावर एकही दिवस न राबता त्यांना तीन वर्षं राहता येतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आम्ही चिठ्ठ्या टाकत होतो. आमच्यातल्या ज्यांचा नंबर लागला, त्यांना दुसरं वर्ष हवं असेल तर तीन महिन्यांचं ठरावीक काम चुकणार नाही.

उलटी बाजू

न्यू साउथ वेल्समध्ये कॉफ्स हार्बरजवळ वुल्गुल्गा नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे. कडक कायद्यांच्या काळातही टिकून राहिलेल्या पंजाबी मजुरांच्या कुटुंबांनी तिथे केळीच्या बागांत काम करत करत बागा घेतल्या. १९६८ साली ऑस्ट्रेलियातला पहिला गुरुद्वारा तिथेच झाला. आज त्या भागातल्या कितीतरी ब्लूबेरीच्या बागा पंजाबी कुटुंबांच्या आहेत आणि तोडणीला युरोपातून आलेली मुलं असतात. त्यामुळे मालक गोरा आणि मजूर काळा एवढी ही गोष्ट सोपी राहिलेली नाही. प्रश्न वेगळाच आहे. पटलं नाही तर बादली खाली ठेवून निघून जाता येतं का?

आजीला आता मी उत्तर देऊ शकेन. काम कुठलं, यावरून सुट्टी ठरत नाही. काम सोडता येतं का, यावरून ठरते. तिच्या वडिलांना सोडता येत नव्हतं. चहा आणणाऱ्या गोवेकर मुलाला येत नव्हतं. ८८ दिवस मोजणाऱ्या मुलीला अर्धवट येत होतं.

तुमच्यापैकी कुणी पुढच्या लॉटरीत चिठ्ठी टाकणार असेल तर जरूर टाका. मीही टाकणार आहे, वयात बसतोय तोवर. नंबर लागला तर पहिल्या शेतावर जायच्या आधी तासाचा दर काय आहे तो बघून ठेवा, प्रत्येक पगाराची पावती मागून घ्या आणि परतीच्या तिकिटाएवढे पैसे खात्यात वेगळे राहू द्या. मग सिडनीच्या धक्क्यावर एक चक्कर मारा. आपल्यातलेच कितीतरी जण तिथून मोजून परत बोटीवर चढवले गेले होते.