रुळातील भेग, पाण्याचा दाब : भिलाईतील दोषशोधनाचा इतिहास

२५ ऑगस्ट १९११ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात मँचेस्टर या गावी एक प्रवासी रेल्वेगाडी घसरली आणि २९ जणांचा मृत्यू झाला. तुटलेल्या रुळाचे परीक्षण जेम्स हॉवर्ड यांनी केले. वरून निर्दोष दिसणाऱ्या रुळाच्या माथ्यात, आतल्या आत, एक आडवी भेग वाढत गेली होती. डोळ्यांना न दिसणारा दोष ओळखायचा कसा, हा प्रश्न त्या अपघाताने पोलाद-उद्योगापुढे ठळकपणे मांडला.

भारतात हा प्रश्न सर्वाधिक भिलाईच्या वाट्याला आला. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून हा कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. १९६० मध्ये रूळ तयार होऊ लागले आणि पुढील अनेक दशके भारतीय रेल्वेचे बहुतांश रूळ येथूनच गेले. त्यामुळे येथे नजरेतून सुटलेल्या दोषाचे परिणाम देशात कोठेही प्रकट होऊ शकत होते.

पोलादाच्या अंतरंगात डोकावण्याची युक्तीही सोव्हिएत संघातच सुचली होती. ध्वनीच्या अतिउच्च लहरींनी धातूतील दोष शोधता येतील, ही कल्पना लेनिनग्राडच्या सर्गेई सोकोलोव्ह यांनी १९२८ मध्ये मांडली. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर वेगाने धावतो. १७२ मिलिमीटर उंचीच्या रुळातून तळापर्यंत जाऊन परतण्यास त्याला सुमारे ५८ मायक्रोसेकंद पुरतात. प्रतिध्वनी त्याआधीच परतला, तर वाटेत काहीतरी आहे. मात्र लहरीच्या दिशेलाच समांतर असलेली भेग प्रतिध्वनी जवळजवळ देत नाही. म्हणून एकाच बाजूने तपासणे पुरेसे ठरत नाही.

त्याहून मोठी अडचण काळाची होती. चुन्यातील वा हवेतील ओलाव्यातून हायड्रोजन वितळलेल्या पोलादात शिरतो. पोलाद थंड होताना त्याची विद्राव्यता घटते. अडकलेले अणू सूक्ष्म पोकळ्यांत एकत्र येऊन दाब निर्माण करतात आणि कधी कधी काही तासांनी किंवा दिवसांनीही केसासारख्या भेगा पडतात. म्हणजे तपासणीच्या क्षणी जी भेग अस्तित्वातच नाही, ती कोणतेही यंत्र कशी दाखवणार?

उत्तर एकच होते : तपासणी मागे, थेट द्रव पोलादापर्यंत नेणे. निर्वात प्रक्रियेने वायू काढून टाकायचा आणि हायड्रोजनचे प्रमाण दशलक्ष भागांत १.६ भागांच्या वर जाऊ द्यायचे नाही, अशी मर्यादा रुळांच्या मानकात आली. मीटरला ६० किलो वजनाच्या, १३० मीटर लांबीच्या रुळात पोलाद भरते ७.८ टन, त्यात हायड्रोजनला मुभा जेमतेम साडेबारा ग्रॅमची. दोष शोधण्याऐवजी दोषाचे कारण मोजले जाऊ लागले.

रुळांच्या बाबतीत जे साधले, ते साऱ्या कारखान्याच्या बाबतीत साधणे किती कठीण आहे, हे १२ जून २०१४ रोजी दिसले. झोतभट्टीतून निघणारा वायू इंधन म्हणून वापरण्यापूर्वी पाण्याने धुतला जातो. त्यात रंगहीन, गंधहीन कार्बन मोनॉक्साइड असतो. त्या दिवशी पंपगृहातील बिघाडामुळे वायुशुद्धीकरण यंत्रणेतील पाण्याचा दाब घसरला आणि विषारी वायू बाहेर पडला. सहा जणांचा मृत्यू झाला. त्यांत दोन उपमहाप्रबंधकही होते.

बिघाड पाण्यात झाला, मृत्यू मात्र वायूने आणला. आज संवेदक आणि संगणक हजारो मापे क्षणोक्षणी नोंदवतात आणि नेहमीपेक्षा वेगळा आकडा वेचून दाखवतात. परंतु प्रत्येक आकड्याला स्वतंत्र मर्यादा घालून दिली, तर पाण्याचा घसरता दाब ही पंपगृहापुरतीच तक्रार राहते. त्या पाण्यावर पुढे काय अवलंबून आहे, हे ज्या व्यवस्थेला ठाऊक असते, तिलाच तो धोक्याचा इशारा म्हणून ऐकू येतो. भेग पडण्याआधी हायड्रोजन मोजायला शिकलेल्या भिलाईच्या इतिहासाचे सांगणे हेच आहे : विसंगती जेथे दिसते, तेथेच तिचे मूळ असते असे नाही, आणि तिचा घाव तर आणखी तिसऱ्याच ठिकाणी बसतो.