मूर्खाचा पवित्रा

तलवार मी आयुष्यात एकदाच हाती धरली होती. बँकेच्या स्नेहसंमेलनातल्या ऐतिहासिक नाटकात मला मावळ्याचं काम होतं. तलवार पुठ्ठ्याची होती आणि दुसऱ्या अंकात ती माझ्याच मांडीवर मोडली. त्यानंतर तीस वर्षं मी कॅशियरच्या पिंजऱ्यात बसून नोटा मोजल्या. त्यामुळे निवृत्तीनंतर लेकीकडे न्यूरेंबर्गला गेल्यावर मी जुन्या जर्मन पद्धतीची दोन हातांची तलवार शिकेन, असं कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला आधी पाणी प्यायला दिलं असतं.

खरं म्हणजे मी गेलो होतो नातवाला सोबत म्हणून. पण तिथल्या गुरुजींना रिकामा बसलेला म्हातारा बघवेना. त्यांनी एक बोथट तलवार माझ्या हातात दिली. मी दहा-बारा किलोंच्या तयारीनं कंबर कसली, तर ती निघाली जेमतेम दीड किलोची! खरी लढाईतलीही साधारण एवढीच असायची म्हणे. आमची मंडईतली पिशवी याहून जड असते.

मग पवित्रे आले. मुख्य चार. मूठ डोक्याशी आणि टोक शिंगासारखं पुढे, तो ‘बैल’. मूठ कमरेशी आणि टोक समोरच्याच्या तोंडाकडे, तो ‘नांगर’. खांद्यावर किंवा डोक्यावर उगारली की ‘दिवस’. आणि टोक जमिनीकडे सोडून उघड्या छातीनं उभं राहायचं, तो ‘मूर्ख’. बैल, नांगर, मूर्ख! तलवारबाजी शिकतोय की खरिपाची पेरणी करतोय, कळेना. चौथा पवित्रा मात्र मला न शिकवता आला.

या विद्येचा मूळपुरुष योहानेस लिश्टेनाउअर, चौदाव्या शतकातला. त्यानं सगळी विद्या यमकांत बांधली, आणि तीही मुद्दाम कोड्यात, म्हणजे वाटेवरच्या कुणाही सोम्यागोम्याला उचलता येऊ नये. पंधराव्या शतकात त्याच्या परंपरेतल्या लोकांनी त्या कोड्यांवर टीका लिहिल्या, म्हणून आज अर्थ लागतो. अशी एक पोथी, क्रमांक ३२२७अ, न्यूरेंबर्गच्याच संग्रहालयात आहे. ती १३८९ची समजली जाते, जरी पंडितांचं त्यावर एकमत नाही. पंडितांचं काय, ते तलवारीशिवायही लढतात.

त्यात तीन शब्द महत्त्वाचे : ‘आधी’, ‘नंतर’ आणि ‘इंडेस’, म्हणजे ‘त्याच क्षणी’. आमच्या बँकेत फक्त मधला शब्द चालायचा. तलवारीला तलवार भिडली की समोरचा जोर लावतोय की ढिला आहे, हे पात्यातून हाताला कळायला हवं. त्यानं जोर लावला तर आपण मऊ व्हायचं, तो मऊ असला तर आपण जोर लावायचा, आणि हे ‘इंडेस’. मला ते ‘इंडेस’ कळेपर्यंत नातवाची तलवार माझ्या मुखवट्यावर वाजलेली असे.

पुढे बंदुका आल्या, नव्या बारीक तलवारी आल्या आणि गुरु-शिष्यांची साखळी तुटली. विसाव्या शतकाच्या अखेरीस हौशी मंडळींनी जुन्या पोथ्या उघडून, एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन ती विद्या पुन्हा उभी केली. म्हणजे आमचे खरे गुरू ही पुस्तकंच. आणि ती लिहिणाऱ्यांचं काय झालं?

योआखिम मायर, धंद्यानं सुऱ्या बनवणारा. यानं १५७० साली स्ट्रासबुर्गमध्ये सुंदर चित्रांचा ग्रंथ छापला, तोही कर्ज काढून. नव्या नोकरीसाठी श्वेरीनला गेला आणि १५७१च्या फेब्रुवारीत वारला. कर्ज बायकोच्या गळ्यात.

दुसरा पाउलुस हेक्टर माइर. हा आउग्सबुर्ग शहराच्या तिजोरीवरचा माणूस, म्हणजे हुद्दा जवळजवळ माझाच! यानं जुन्या पोथ्या जमवल्या, चित्रकार बसवला, डाव तपासायला दोन तलवारबहाद्दर ठेवले आणि प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या प्रती आजही ड्रेस्डेन, म्युनिक आणि व्हिएन्नात आहेत. ही हौस आणि बाकीचा थाट चालला तो शहराच्या पैशावर. १५७९ साली, बासष्टाव्या वर्षी, त्याला फाशी दिलं.

हे ऐकल्यावर त्या रात्री मला झोप लागली नाही. तीस वर्षांत माझ्या कॅशमध्ये एका पैशाची तूट नाही. माइर चोर होता, यात शंका नाही. शहराचा पैसा म्हणजे तिथल्या विणकरांचा आणि पाववाल्यांचा पैसा. मी त्याचा वरिष्ठ असतो तर मीच त्याला पकडलं असतं. पण माझ्या त्या काटेकोर वह्या मुदत संपल्यावर रद्दीत गेल्या, आणि त्याच्या पुस्तकांवरून साडेचारशे वर्षांनी पोरं तलवार शिकताहेत. हा हिशेब काही केल्या जुळेना.

दुसऱ्या दिवशी सरावात मी नेहमीप्रमाणे मूर्खाच्या पवित्र्यात उभा होतो. नातवानं विचारलं, “आजोबा, तुम्ही असता तर माइरला पैसे दिले असते?”

“मुळीच नाही,” मी म्हटलं. “नियम म्हणजे नियम.”

मग थोडा वेळ गेला. तलवारीचं टोक जमिनीवर टेकवून मी म्हणालो, “पण चित्रकाराच्या बिलापुरती किल्ली टेबलावर विसरलो असतो बहुतेक.”

तो हसला. तेवढ्यात मी घाव घातला. इंडेस!