अंगदुखीची, बीपीची की थायरॉइडची? आपल्या गोळीचा गट ओळखा, धोका टाळा

कोल्हापूर : भांगलण, ऊसतोड करून अंग मोडून आलं की मेडिकलमधून एक गोळी आणायची, ही खेड्यापाड्यातली नेहमीची सवय. त्याच घरात कुणाची बीपीची, कुणाची शुगरची, कुणाची थायरॉइडची गोळी रोज सुरू असते. प्रत्येक गोळी शरीरात वेगळ्या ठिकाणी काम करते. म्हणून आपली गोळी कोणत्या गटातली आहे, हे माहीत नसताना तिच्यासोबत दुसरी घेणे महागात पडू शकते.

ताप आणि अंगदुखी
पॅरासिटामॉल ताप उतरवते, दुखणे कमी करते. मोठ्या माणसाने २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्यांच्या वर जाऊ नये आणि दोन डोसमध्ये किमान ४ तास जाऊ द्यावेत. दारू पिणाऱ्यांसाठी आणि लिव्हरचा त्रास असलेल्यांसाठी ही मर्यादा याहून कमी असते. सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतेच. दोन्ही घेतल्या तर डोस दुप्पट होतो.

डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या सूज आणि वेदना कमी करणाऱ्या गोळ्या. वेदना निर्माण करणारे प्रोस्टाग्लँडिन हे द्रव्य त्या रोखतात. पण हेच द्रव्य पोटाच्या आतल्या अस्तराचे रक्षण करते आणि किडनीचा रक्तपुरवठा टिकवते. त्यामुळे या गोळ्या रोज घेतल्यास पोटात अल्सर होऊ शकतो, बीपी वाढू शकतो. बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिल आणि जोडीला लघवीची गोळी चालू असलेल्या माणसाने उन्हात पाणी न पिता काम करून वर डायक्लोफेनॅक घेतली, तर किडनीला मोठा धोका असतो. अशांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

अँटिबायोटिक
ही औषधे जिवाणू मारतात. साधी सर्दी किंवा फ्लू विषाणूमुळे होतो, त्यावर त्यांचा उपयोग नाही. पेनिसिलिन देशातच तयार व्हावे म्हणून १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी सुरू झाली. आज अडचण वेगळी आहे. गरज नसताना घेतल्याने जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात. काही ताकदवान अँटिबायोटिक एच-१ यादीत आहेत. मार्च २०१४ पासून त्यांच्या विक्रीची वेगळी नोंद मेडिकलवाल्याला ठेवावी लागते.

इन्शुलिन आणि शुगरच्या गोळ्या
इन्शुलिन हा स्वादुपिंडात तयार होणारा हार्मोन. तो रक्तातली साखर पेशींत पोहोचवतो. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला जास्त इन्शुलिन सोडायला लावते. म्हणूनच ही गोळी किंवा इन्शुलिन घेऊन उपवास केला, जेवण चुकवले, तर शुगर एकदम उतरते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणे दिसली की लगेच तीन चमचे साखर किंवा गुळाचे पाणी द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, १०८ ला फोन करावा.

थायरॉइड
थायरॉक्सिन ही कमी पडलेल्या हार्मोनची भरपाई करणारी गोळी. ती सकाळी उपाशीपोटी फक्त पाण्यासोबत घ्यावी, चहा अर्ध्या ते एका तासाने. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांनी घ्यावी, नाहीतर थायरॉक्सिन नीट अंगी लागत नाही.

स्टेरॉइड
किडनीवरच्या छोट्या ग्रंथी कॉर्टिसॉल हा हार्मोन तयार करतात. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन ही त्याच जातीची औषधे. दमा, संधिवात अशा आजारांत ती मोलाची ठरतात. भूक लागते, दुखणे पळते, म्हणून अंगात ताकद आल्यासारखे वाटते. पण शुगर आणि बीपी वाढतो, हाडे ठिसूळ होतात, चेहरा सुजतो. काही आठवडे रोज घेतल्यावर शरीर स्वतःचे कॉर्टिसॉल बनवणे कमी करते. मग गोळी अचानक बंद केली तर बीपी कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो. डोस डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू उतरवावा. 'एका पुडीत सांधेदुखी गायब' म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुडीतही स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. गजकर्णावर स्टेरॉइडचे मलम लावल्यास खाज थांबते, बुरशी मात्र पसरत जाते.

ऑक्सिटोसिन
बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारा हा हार्मोन दवाखान्यात जीव वाचवतो. म्हैस पान्हावी म्हणून धार काढताना त्याचे इंजेक्शन टोचणे चुकीचे आहे. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला घातक ठरेल असे काही टोचणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

एवढे करा
- दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या, प्राथमिक आरोग्य केंद्र असो की कोल्हापूरचे सीपीआर.
- पट्टी कापताना औषधाचे नाव आणि मुदतीची तारीख असलेला भाग शेवटपर्यंत ठेवा.
- पट्टीवर लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नका.
- शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्यालाही चालेलच, असे धरू नका.
- काळी शौच, लघवी कमी होणे, अंगावर पुरळ किंवा धाप लागणे दिसले तर वाट न पाहता दवाखाना गाठा.