तपकिरी वॉटरक्रेसला बी का येत नसे?

वाहत्या पाण्यात वाढणारी वॉटरक्रेस ही तिखट चवीची पालेभाजी आपल्या मोहरी-अळिवाच्या कुळातली. इंग्लंडमध्ये तिची व्यापारी लागवड विल्यम ब्रॅडबरी यांनी १८०८ साली केंट परगण्यात सुरू केली. पुढे शेतकरी तिचे दोन प्रकार लावू लागले. हिरवीला भरपूर बी येई. तपकिरी झाक असलेली थंडीत अधिक टिके, पण तिला बी जवळजवळ धरतच नसे. खोडाचे तुकडे लावूनच ती वाढवावी लागे.

१९३५ साली आयरीन मँटन यांनी या रोपांची गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली मोजली. हिरवीत ती ३२ भरली, रानातल्या दुसऱ्या एका वॉटरक्रेसमध्ये ६४ आणि तपकिरीत ४८. आता फळ्यावर बेरीज करू. जननपेशीत निम्मी गुणसूत्रे जातात. एकीकडून १६, दुसरीकडून ३२, मिळून ४८. म्हणजे तपकिरी हा या दोन जातींचा संकर! त्यात सगळ्या गुणसूत्रांना जोडीदार मिळत नाहीत, जननपेशी नीट बनत नाहीत, आणि बी धरत नाही. नुसत्या मोजणीतून एवढे उलगडावे, याचे आम्हांला अजून नवल वाटते.

जळगावची केळीही अशीच: गुणसूत्रांचे तीन संच, बी नाही, लागवड मुनव्यांनी. अशा लागवडीत रोपाबरोबर रोगही नव्या जागी जातो. तपकिरी वॉटरक्रेसमध्ये विषाणू असाच पसरत गेला, आणि बियांपासून निरोगी रोपे करण्याची वाट तिला नव्हती. अखेर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेतकऱ्यांनी ती सोडली आणि बियांची हिरवी लावली.