चरीचा संप, आजीच्या तोंडून

अलिबागच्या समुद्राकडे निघालेल्या गाड्या पोयनाडवरून सुसाट जातात. एखादी चुकून चरीकडे वळलीच, तर तिथं शेतकऱ्यांच्या संपाचं स्मारक आहे. संप म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गिरणी येते. शेतीचाही संप होतो, हे चरीनं दाखवलं. २७ ऑक्टोबर १९३३ ला आजूबाजूच्या पंचवीस गावांचे शेतकरी इथं जमले. नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली त्यांनी ठरवलं, खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत. त्या १९३९ पर्यंत तशाच पडून राहिल्या.

आजी तेव्हा लहान पोर. तिच्या संपात सभा नव्हत्या की ठराव नव्हते. होती ती पायली. भात झोडून झालं की खोताचा कारकून आपलं माप घेऊन खळ्यावर हजर. आजी हातानं दाखवायची: घरची पायली एवढी, खोताची त्याहून चार बोटं उंच, आणि तीही शिगोशीग भरायची. खंड देऊन झाला की आपल्याला उरायचा पेंढा, असं ती म्हणे. थोडं वाढवूनच सांगत असावी, पण फार नाही. वर वेठ होतीच, आणि सणावाराला खोताच्या वाड्यावर कोंबडा पोचवायचा तो वेगळाच.

मग जमिनी सोडल्या. पुरुषमाणसं डोंगरातून मोळ्या आणून विकायची, बायका खाडीत उतरून निवट्या आणि चिंबोऱ्या धरायच्या. तेही सरलं की उंबरं. “उंबरां खाल्ली, पन खोताच्या शेतान पाय नाय ठेवला,” हे सांगताना आजीचा आवाज अजून चढायचा.

खारेपाटात नुसतं नांगर न धरणं एवढ्यावर भागत नाही. भरतीचं पाणी अडवायला मातीचे बांध असतात, त्यांची दर वर्षी डागडुजी लागते आणि ती सगळी रयत मिळून करायची. बांधाला एकदा खांड गेली की खारं पाणी शेतात शिरतं, मग पुढची काही वर्षं भात विसरायचा. आजीच्या सांगण्याप्रमाणे संपात बांधाकडे कोणी फिरकलंच नाही. खोतांना खरा चटका बसला तो इथं, असं मला वाटतं. बुडालेल्या खंडापेक्षा बुडालेली जमीन जास्त झोंबली असणार.

बाकीचं पुस्तकांत आहे. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर चरीला येऊन गेले. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं आणि १० जानेवारी १९३८ ला कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चानं गेले. १९३९ च्या कायद्यानं कुळाला संरक्षण मिळालं. पण जमीन कसणाऱ्याच्या मालकीची व्हायला १ एप्रिल १९५७ उजाडावा लागला.

त्यानंतर आमच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव चढलं. तेव्हा घरात पेढे वाटले का, असं मी एकदा आजीला विचारलं. ती म्हणाली, “पेढे कसले? तलाठ्याला कोंबडा द्यावा लागला.”