श्वासाचा वाटा

हृदय दुबळे झालेल्या माणसाला वैद्यकाने दीर्घकाळ एकच उपदेश केला: पडून राहा. उपदेश प्रेमळ होता आणि दिसायला तर्कशुद्धही होता. थकलेल्या बैलाच्या मानेवरचे जू उतरवावे, तसे थकलेल्या हृदयावरचे ओझे उतरवावे, यात वावगे ते काय? परंतु हा उपदेश पुष्कळ अंशी चुकीचा होता, हे पटायला विसावे शतक सरत यावे लागले. आणि ते पटता पटता एक नवाच प्रश्न पुढे उभा राहिला. दुबळ्या हृदयाचा माणूस जिन्याच्या मधल्या वळणावर कठड्याला धरून थांबतो, तो दम सरला म्हणून, की पाय सरले म्हणून?

प्रथम शब्दाचा घोळ मिटवला पाहिजे. डॉक्टर ज्याला ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात, ते हृदय बंद पडणे नव्हे. हृदय चालूच असते. शरीराला लागेल तितके रक्त पुढे ढकलण्याची त्याची ताकद मात्र उणावलेली असते. मग रक्त मागे तुंबते, फुप्फुसे जड होतात, पायांवर सूज चढते. बसल्या जागी एखाद्याला काही जाणवणारही नाही. पण चालू लागला की धाप लागते.

या रोगावरचे पहिले भरवशाचे औषध इंग्लंडात सापडले. १७८५ साली विल्यम विदरिंग या डॉक्टरने डिजिटॅलिस वनस्पतीच्या पानांचा गुण ग्रंथरूपाने जगापुढे मांडला. औषध मिळाले, तरी पथ्य विश्रांतीचेच राहिले. अपवाद नव्हते असे नाही. छातीच्या कळेचे पहिले नामांकित वर्णन करणाऱ्या विल्यम हेबर्डन यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १८०२ साली, प्रसिद्ध झाला. त्यात रोज अर्धा तास लाकडे कापण्याचा नेम धरून जवळजवळ बऱ्या झालेल्या एका रोग्याची नोंद आहे. डब्लिनचे विल्यम स्टोक्स यांनी १८५४ साली हृदयरोगावर लिहिताना काही रोग्यांना सपाटीवर चालण्याचा आणि ते चालणे हळूहळू वाढवत नेण्याचा सल्ला दिला. पुढे जर्मनीत एर्टेल यांनी चढउताराच्या मोजलेल्या वाटांवर रोग्यांना चालवण्याची पद्धतच बसवली. परंतु हे सूर एकाकी राहिले. विसाव्या शतकात वैद्यक जसजसे इस्पितळात स्थिरावले, तसतसा बिछाना अधिकच पक्का झाला.

त्या बिछान्यावर पहिला घाव घातला तो बॉस्टनच्या सॅम्युअल लेव्हाइन यांनी. आडवे पडल्याने हृदयरोग्याला अपायही होतो, असे त्यांनी १९४४ साली लिहिले. युक्तिवाद साधा होता. माणूस बसला की अंगातले पाणी पायांकडे उतरते आणि फुप्फुसांवरचा भार हलका होतो. निजला की तेच पाणी छातीकडे परतते. १९५२ साली त्यांनी व त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाउन यांनी, हृदयविकाराचा झटका आलेल्या रोग्यांना लवकरच आरामखुर्चीत बसवल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. पलंगावरून खुर्चीवर, एवढीच ती मजल. पण त्या काळी तीही धाडसाची होती. कारण पुढे १९६०च्या दशकातही न्यू ऑर्लिन्सचे जॉर्ज बर्च यांच्यासारखा नाणावलेला वैद्य फुगलेल्या हृदयावर महिनोन्महिने बिछान्यात राहण्याचाच उपाय सांगत होता. इतके दिवस निजून स्नायूंचे काय होते, पायांतले बळ कसे ओसरते, हे प्लास्टरमधून सुटलेला हात ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको.

खुर्चीवरून उठून चालायला आणखी एक पिढी जावी लागली. १९८८ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात आणि १९९० साली इंग्लंडात ऑक्सफर्डला, दुबळ्या हृदयाच्या रोग्यांकडून मुद्दाम व्यायाम करवून घेण्यात आला. ऑक्सफर्डचे रोगी केवळ ११ होते; आठ आठवडे ते घरीच जागेवरची सायकल चालवत होते. त्यांची दमसास वाढली, त्रास उणावला. नमुना लहान होता, म्हणून पुढे २,३३१ रोग्यांवर मोठी परीक्षा झाली आणि तिचा निकाल २००९ साली लागला. मृत्यूवर आणि इस्पितळाच्या फेऱ्यांवर व्यायामाचा परिणाम माफकच दिसला. परंतु देखरेखीखाली सुरू केलेला व्यायाम अशा रोग्याला घातक नाही, हे मात्र ठरले. २०२१च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत तर ज्याला झेपेल अशा प्रत्येक रोग्याने व्यायाम करावा, असे स्पष्ट म्हटले आहे.

आता अडचण उरली ती ‘झेपेल’ या शब्दात. ज्याला चार पावलांत धाप लागते, त्याने व्यायाम करावा कसा? येथे या इतिहासात दुसरा प्रवाह येऊन मिळतो, तो श्वासयंत्राचा.

त्याचा उगम मोठा गमतीचा आहे. १९३६ साली लंडनच्या गाइज इस्पितळातील डॉक्टर पोल्टन यांनी, फुप्फुसांत पाणी भरून गुदमरणाऱ्या हृदयरोग्यांच्या तोंडावर मुखवटा बसवून त्यातून दाबाने हवा सोडली. तो दाब निर्माण करायला त्यांनी वापरले घर झाडायचे विजेचे यंत्र, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर! धूळ ओढणाऱ्या यंत्राची दिशा उलटी केली की ते हवा फुंकते, एवढीच त्यातली युक्ती. दोन वर्षांनी न्यूयॉर्कच्या अल्वान बराक यांनीही हाच उपाय अभ्यासपूर्वक मांडला. नंतर ही युक्ती बरीच मागे पडली. १९८१ साली ऑस्ट्रेलियात, सिडनीचे कॉलिन सलिव्हन यांनी, झोपेत श्वास अडणाऱ्या रोग्यांसाठी ती पुन्हा हाती घेतली. आणि योगायोग असा की त्यांचेही पहिले साधन व्हॅक्यूम क्लीनरच्याच मोटारीवर चालत होते. १९९२ साली कॅनडातील मॅग्डी युनूस यांनी एक पाऊल पुढे टाकले. रोगी जितक्या जोराने श्वास ओढील तितक्याच प्रमाणात मदत करणारी पद्धत त्यांनी मांडली. लोहाराच्या भात्याला एकाने हात लावलेला असताना दुसऱ्याने त्याच्याच ठेक्यात जोर द्यावा, तसा हा प्रकार.

असे यंत्र लावून माणसाला सायकलवर बसवले, तर? पहिले उत्तर रोग्यांनी नव्हे, तर धडधाकट सायकलपटूंनी दिले. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातील जेरोम डेम्प्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली त्यांना पराकाष्ठेच्या श्रमात असताना पारखले. यंत्राने श्वासाचे काम हलके केले, तेव्हा पायांकडे जाणारे रक्त वाढले. श्वासाला मुद्दाम अडथळा केला, तेव्हा ते घटले. अशा श्रमात हृदयाने फेकलेल्या दर १०० भाग रक्तांतील १४ ते १६ भाग श्वासाचे स्नायूच घेतात, असा हिशेब पुढे निघाला. श्वास हा फुकट मिळत नाही. छातीचा पडदा आणि बरगड्यांचे स्नायूही मजूरच आहेत, त्यांनाही शिधा लागतो; आणि टंचाई पडली की ते पायांचा वाटा उचलतात.

धडधाकट माणसाची ही गत, तर ज्याच्या हृदयाकडे वाटायला रक्तच तोकडे, त्याची काय असेल? तुंबलेली फुप्फुसे ताठ होतात, श्वास उथळ आणि जलद होतो, म्हणजे श्वासाचा खर्च वाढतो. आणि मिळकत तर घटलेली! १९९९ साली कॅनडात किंग्स्टन येथे डेनिस ओडॉनेल यांनी अशा १२ रोग्यांना सायकल चालवताना मुखाद्वारे दाबाची मदत दिली. ते अधिक वेळ टिकले. आणि नवल म्हणजे, उतार पडला तो विशेषेकरून पायांच्या शिणवट्याला. २०१० साली अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये थेट मोजणी झाली: श्वासाचे काम यंत्राने उचलताच रोग्यांच्या पायांतला रक्तप्रवाह वाढला. जिन्यावरच्या प्रश्नाचे उत्तर असे मिळाले. दम आणि पाय ही दोन वेगळी दुखणी नव्हेत. एकाच अपुऱ्या कोठारातून शिधा घेणारी ती दोन भावंडे आहेत.

तेव्हा घरोघर यंत्रे आणावीत काय? तसे नव्हे. दाबाने दिलेली हवा छातीत परतणारे रक्तही रोखते, आणि प्रत्येक हृदयाला ते मानवतेच असे नाही. २०१५ साली १,३२५ रोग्यांवरील एका परीक्षेने धडा दिला. हृदय दुबळे आणि झोपेत मेंदूकडूनच श्वासाचा हुकूम चुकतो, अशा रोग्यांना रात्री एक अतिशय हुशार श्वासयंत्र लावले. श्वास सुधारला, पण हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढले. ती गोष्ट रात्रीची, व्यायामाची नव्हे. तरी यंत्राने आकडे सुधारणे वेगळे आणि माणूस सुधारणे वेगळे, हे तिने शिकवले. व्यायामातली श्वासयंत्राची मदत अजून मुख्यतः जाणत्या केंद्रांच्या देखरेखीतच शोभते.

दुसरा मार्ग मजुरालाच बळकट करण्याचा. २००६ साली ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात, श्वासाचे स्नायू दुबळे झालेल्या ३२ हृदयरोग्यांवर प्रयोग झाला. त्यांतील काहींनी रोज ३० मिनिटे, १२ आठवडे, अडथळ्याच्या नळीतून श्वास ओढण्याचा सराव केला. त्यांच्या श्वासाला बळ आले आणि चालण्याचे अंतरही वाढले. ही नळी लहानशी, विजेवाचून चालणारी. पण तीही डॉक्टरांना विचारूनच हाती घ्यावी.

दिवाळीला घर भरलेले असते. ‘तुम्ही उठू नका, बसा, सगळे हाताशी आणून देतो,’ असे आपण घरातल्या दुखणाईत वडीलधाऱ्यांना मायेने बजावतो. रोग उसळलेला असताना ते योग्यच. पण तो आटोक्यात असेल आणि डॉक्टरांनी मोकळीक दिली असेल, तर त्यांच्या चालीने, त्यांच्या थांब्यांनी, अंगणापर्यंत त्यांच्याबरोबर चालत जाणे ही अधिक मोठी शुश्रूषा होय. स्टोक्स यांनी १८५४ साली सांगितले ते याहून फार निराळे नव्हते; ते का खरे, एवढेच कळायला दीडशे वर्षे लागली.